शाळा सुटलेल्या पोरांना 'घरबसल्या दहा हजार'? कुणाला मिळाले?

दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. नापास झालेल्या, शाळा सोडलेल्या बेरोजगार पोरांना सरकार घरबसल्या महिना दहा हजार देतं, प्रशिक्षण फुकट आहे, पुढे नोकरी ठरलेली आहे, तरी ही पोरं कट्ट्यावरच, कारण कष्ट नकोत. यातला प्रत्येक दावा तपासून बघावा असा आहे.

आधी दहा हजार. हा आकडा 2024 च्या जुलैत आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा, म्हणजे लोकांच्या तोंडी 'लाडका भाऊ'चा. त्यात बारावी पासला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये. घरबसल्या तर नाहीच; आस्थापनेत जाऊन काम करायचं, हजेरीप्रमाणे विद्यावेतन. आणि बारावीच्या खाली रकानाच नाही. नववीत शाळा सुटलेल्या ज्या पोराच्या नावाने सगळे बोटं मोडतात, त्याला या योजनेत अर्जसुद्धा करता येत नाही. मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी वाचायला हवं होतं.

प्रशिक्षण फुकट, हे बरोबर आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत फी नसते. सरकारचे पैसे प्रशिक्षण केंद्राला जातात. पण बिगारी कामावर जाऊन घरात रोज मजुरी आणणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराने दोन-तीन महिने वर्गात बसायचं, तर बुडालेली मजुरी कोण देणार? तालुक्याला येण्याजाण्याचं भाडं वेगळंच. बँकांच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत, राहणं-जेवण मोफत असतं आणि ही सोय खरोखर चांगली आहे, पण तिथले बरेच कोर्स काही दिवसांचे, फार तर दीड महिन्याचे, आणि ते स्वतःचा धंदा टाकणाऱ्यांसाठी. हातात भांडवल नसलेल्याने त्यानंतर काय करायचं?

नोकरी ठरलेली? अशी हमी कुठलीच योजना देत नाही. ग्रामीण भागासाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत किमान 70 टक्के मुलांना कामाला लावण्याची अट आहे, पण ती प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर. मुलाच्या हातात त्याने काही येत नाही.

राहिला 'कष्ट नकोत' हा आरोप, आणि तोच मला सगळ्यात जास्त लागतो. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलीची शाळा आळसाने सुटली म्हणायचं का? शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि वर सांगितलेली विद्यावेतनाची योजना अठराव्या वर्षी सुरू होते. मधल्या चार वर्षांत ही मुलं कुणाच्या हिशेबात असतात?

मेसेजमध्ये नसलेली, पण या मुलांच्या खरोखर कामाची गोष्ट म्हणजे शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. 2019 च्या नियमांनी पाचवी ते नववी शिकलेल्यालाही महिना किमान 5,000 आणि दहावी पासला 6,000 रुपये विद्यावेतन ठरवून दिलं. वयाची अट 14 पूर्ण, धोक्याच्या कामाला 18. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. इथे मुलगा शिकतोही आणि महिन्याला घरी पैसेही नेतो. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो.

तेव्हा पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा. तुमच्या ओळखीत असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन जवळच्या सरकारी आयटीआयत जा, शिकाऊ उमेदवारीची नोंदणी कुठे आणि कशी करायची ते विचारा. आणि तुमचाच कारखाना असेल, माणसं तीसच्या वर असतील, तर यंदा किती शिकाऊ उमेदवार घेतले ते गटावर सांगा.