साठचं ॲव्हरेज कसं मिळवावं

स्कूटरचं ॲव्हरेज ही मोजायची गोष्ट नाही, सांगायची आहे. एवढं पटलं की निम्मं काम झालं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये "काय हो, किती देते?" असा प्रश्न आला तर क्षणभरही अडखळू नका. "साठ" म्हणा, आणि समोरच्याच्या भुवया वर जायच्या आत "हायवेला पासष्ट" हेही जोडून द्या. कुठला हायवे, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. समोरचाही लगेच "आमची बासष्ट देते, पण आता जुनी झाली ना" असं म्हणेल. म्हणू द्या. तोही तुमच्याइतकाच अभ्यासू माणूस आहे.

काही खोडसाळ लोक टाकी फुल करतात, मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवतात, गाडी रोजच्यासारखी चालवतात आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करून किलोमीटरला लिटरने भागतात. अशा लोकांपासून लांब राहा. या भागाकारातून ४२, ४५ असले आकडे निघतात, आणि एकदा बाहेर पडलेला आकडा परत आत ढकलता येत नाही. त्यापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा. काटा फुलपाशी रेंगाळत असतो तेव्हा गाडी झकास ॲव्हरेज देत असते. मग एका सकाळी तो सर्रकन खाली येतो, तेव्हा पंपवाल्याने माप मारलेलं असतं.

कंपनीने सांगितलेला आकडा मात्र खराच असतो. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याबरहुकूम काढतात. असे दाखले देणारी एआरएआय ही संस्था पुण्यात टेकडीवर आहे. तिथल्या रोलरला ठाण्यातल्या मानपाड्याचा सिग्नल लागत नाही, मेट्रोच्या कामाचे पत्रे आडवे येत नाहीत आणि गणपतीच्या आधी बुजवलेला खड्डा गणपतीतच पुन्हा उघडत नाही. पुण्यात ठरलेली गोष्ट ठाणेकराने निमूटपणे मान्य केली, असं एरवी फारसं घडत नाही. ॲव्हरेजच्या बाबतीत आपण ती डोळे मिटून मान्य करतो आणि वर पाच स्वतःच्या खिशातले घालतो.

आता पंपावर चला. जायचं ते पहाटे. गार हवेत पेट्रोल घट्ट असतं, त्यामुळे त्याच पैशात जास्त बसतं, हे तुमच्या मामांनी सांगितलेलं आहे. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं, तिथे पहाट काय आणि दुपार काय, नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, असं कुणी म्हणालं तर तो मामांपेक्षा शहाणा आहे का, एवढंच विचारा. दुसरं, शंभराचं कधी टाकू नका, एकशेदहाचं टाका. शंभराच्या बटणाला 'सेटिंग' असतं. एकशेदहाला सेटिंग करण्याची अक्कल पंपवाल्यांना अजून सुचलेली नाही, अशी आपली ठाम श्रद्धा आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि शंका आली तर त्यात मोजून दाखवा असं गिऱ्हाईक म्हणू शकतं. पण त्यासाठी गाडीवरून उतरावं लागतं, मागच्या रांगेचं बोलणं खावं लागतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माप बरोबर निघण्याची भीती असते. तेव्हा एकशेदहाचंच टाका आणि शंका घरी जाऊन घ्या.

खरी कारागिरी याच्या पुढे आहे. नोझल टक् करून आपोआप बंद झालं, म्हणजे टाकी भरली, असा सरळ अर्थ काढून मोकळे होऊ नका. "राउंड फिगर करा," म्हणा. मग हँडल धरून गाडी डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे आतली हवा बुडबुड करत वर येते आणि आणखी सतरा रुपयांचं बसतं. शेवटी पोऱ्याला पाइप खांद्याइतका उंच धरून झटकायला लावा. तीन थेंब पडतात: एक टाकीत, दोन झाकणाभोवतीच्या रंगावर. त्या दोघांचा वास ऑफिसच्या लिफ्टपर्यंत तुमच्या सोबतीला येतो. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या निकषांच्या, गाड्यांत टाकीतली वाफ धरून ठेवायला कोळशाचा एक कॅनिस्टर असतो, आणि काठोकाठ भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं की त्याचं काम बिघडतं. पण तो गाडीत नेमका कुठे बसवलाय हे आपल्याला कुठे माहीत आहे? न पाहिलेल्या पार्टचं दुःख करत बसू नये.

इंजिन कधी बंद करायचं, इथे मात्र भले भले गडबडतात, म्हणून सावकाश सांगतो. तीन हात नाक्याला उभे आहात, सिग्नलवरचा आकडा काही केल्या दोन अंकी होत नाही. अशा वेळी इंजिन चालूच ठेवा. सारखा सेल मारला तर बॅटरी उतरते, हे आपल्याला किकच्या जमान्यापासून पाठ आहे. उभ्या गाडीत पेट्रोल जळतं आणि किलोमीटर एकही पडत नाही, हे खरं, पण शेजारची रिक्षाही चालूच आहे ना? वर अधूनमधून मूठ पिळून थोडी रेस द्या. त्याने सिग्नल लवकर सुटतो.

बंद करायचं ते उतारावर. कोपरीचा पूल आहे, आणि घोडबंदर रोडने तर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे ओळीने उड्डाणपूलच देऊन ठेवलेत. माथ्यावर पोचलात की किल्ली फिरवा आणि गाडी सोडून द्या. इंजिनाची घरघर थांबते, कानात वारा घुमतो. किल्लीबरोबर हॉर्न, इंडिकेटर आणि मागचा ब्रेकलाइटही झोपी जातात, त्यामुळे मागून गुजरातच्या दिशेने निघालेल्या कंटेनरवाल्याला तुमच्या मनात काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. उतारावर गाडी अशी सुसाट सुटते की पुलाच्या पायथ्याशी दोन्ही ब्रेक आवळून जमवलेला सगळा वेग ब्रेकच्या लायनरला अर्पण करावा लागतो. आता गंमत अशी की इंजेक्शनच्या गाडीत नुसती मूठ सोडली तरी उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि बहुतेक वेळा पेट्रोलचा फवारा आपोआप थांबतो. म्हणजे हीच बचत फुकटात आणि जिवंतपणी मिळण्यासारखी होती. पण मग त्यात तुमचं कर्तृत्व ते काय राहिलं? खाली आल्यावर ही बिनगिअरची गाडी ढकलून सुरू होत नाही. सेल मारावाच लागतो, तोच जो तुम्ही तीन हात नाक्याला वाचवला होता.

टायरमधली हवा हा रटाळ विषय आहे, त्यावर फार वेळ घालवू नये. ११० सीसीच्या स्कूटरला साधारण पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय लागते, डबलसीट असाल तर मागे आणखी थोडी. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेला असतो, टायर गार असताना हवा बघायची असते, आणि पंपावर ती फुकट मिळाली पाहिजे असा नियम आहे. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरून, कुंथत चालतं आणि ॲव्हरेज मुकाट्याने खातं. पण यात सांगण्यासारखं काय आहे? "मी हवा बरोबर ठेवतो" या वाक्यावर आजवर पार्किंगमध्ये कुणी "वा!" म्हटलेलं नाही. तेव्हा हवा पंक्चर निघाल्यावरच भरा. हवेवाल्याने "साहेब, किती मारू?" विचारलं तर "मार ना, तुला माहितीये" म्हणा. तो चाळीस मारतो. त्यालाही पुढचं गिऱ्हाईक असतं.

त्याऐवजी नाक्यावरच्या मेकॅनिककडे जा आणि "ॲव्हरेजचा स्क्रू थोडा टाइट कर" म्हणा. कार्ब्युरेटरच्या गाडीत असा स्क्रू खरोखर असायचा. तो आवळला की मिश्रणातलं पेट्रोल कमी व्हायचं, इंजिन तापायचं, सकाळी गाडी दहा किका मागायची आणि मालक खूश असायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक स्कूटरना इंजेक्शन लागलं, पेट्रोल किती सोडायचं हे आता आतला कॉम्प्युटर ठरवतो. स्क्रू गेला, पण स्क्रू आवळून देणारा माणूस आणि आवळून घेणारा माणूस दोघेही आहेत. तो पाना घेऊन कुठेतरी वाकतो, काहीतरी करतो, "आता बघा" म्हणतो. पुढचे चार दिवस तुम्ही मूठ जपून पिळता, ॲव्हरेज वाढतं, आणि त्याचं नाव होतं. एअर फिल्टर बदलायचा राहिलाय असं तो म्हणाला तर मात्र ओळखा की हा लुटतोय.

डाव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर कायम टेकलेली असू द्या. घोडबंदरला कोण कधी कुठून आडवा येईल, सांगता येत नाही. २०१९ पासून या वर्गातल्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आलीय, त्यामुळे डावा दाबला की पुढच्या चाकालाही थोडा लागतो. म्हणजे उजवा हात पेट्रोल पाजतोय आणि डावा हात दोन्ही चाकांना धरून ठेवतोय. मागचा ड्रम हाताला चटका देईल इतका तापला, तर पेट्रोल कुठे गेलं हे निदान कळलं तरी.

वजन कमी करा, असं सगळेच सांगतात. कुणाला तरी मागून उतरवा. डिकीला मात्र हात लावू नका. तिथे गेल्या पावसाळ्यातला रेनकोट घडी न करता कोंबलेला आहे, त्याच्याखाली मुदत संपलेली दोन पीयूसी, एक हातमोजा, स्पार्कप्लगचा पाना, जांभळी नाक्याहून आणलेल्या नारळांपैकी विसरलेला एक, किराणा मालाच्या पिशव्यांत कोंबलेल्या किराणा मालाच्या पिशव्या, आणि सगळ्यात तळाशी ते पुस्तक, ज्यात हवेचा आकडा छापलाय. पायाशी पंचवीस किलोची तांदळाची गोणी असते ती वेगळी. ती घरची आहे, तिचं वजन धरत नाहीत.

अंतर वाचवणं हा तर ॲव्हरेजचा राजमार्ग. यू-टर्न पुढे लांब आहे, तुमचं कॉम्प्लेक्स तर समोरच दिसतंय; सर्व्हिस रोडने उलटे या. समोरून योग्य दिशेने येणाऱ्यांकडे "तुम्ही कसे काय इथे?" अशा नजरेने बघायचं, म्हणजे ते आपोआप बाजूला होतात. वाचलेल्या अंतरात दर दहा मीटरला ब्रेक आणि दर दहा मीटरला पुन्हा मूठ. बेल्टवर चालणाऱ्या या बिनगिअरच्या गाड्यांत मूठ झटक्याने पिळली की इंजिन आधी बोंबलतं आणि गाडी मागाहून निघते. जे पेट्रोल जायचं ते त्या बोंबलण्यात जातं. सावकाश मूठ फिरवून ४०-४५ च्या वेगाने सलग जाणाऱ्याला सगळ्यात कमी लागतं. पण घोडबंदर रोडवर सलग चाळीसने जायचं तर रात्री दोनला निघावं लागेल, आणि रात्री दोनला अवजड गाड्या सोडतात.

हल्ली एक मोठी सोय झालीय: इथेनॉल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे हिशेबाने ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरावं. ४८ देणारी गाडी ४५ वर यावी. पण कारण हाताशी आहे तर ते तीन किलोमीटरसाठी कशाला वाया घालवायचं? अर्धवट फुगलेलं मागचं टायर, घासणारा ब्रेक, कोळशासारखा झालेला फिल्टर, सगळं इथेनॉलच्या खात्यावर टाका. "साठ द्यायची हो आमची, इथेनॉल आलं आणि वाट लागली." या वाक्याला कुठल्याही कट्ट्यावर दाद मिळते. मासुंदा तलावाभोवती तर दोन अनोळखी माणसं थांबून दुजोरा देतात.

एखादा आगाऊ भाचा कागद-पेन घेऊन बसलाच तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. महिन्याला ५०० किलोमीटर धरले तर ४५ च्या ॲव्हरेजला ११ लिटरच्या किंचित वर पेट्रोल लागतं आणि ५० च्या ॲव्हरेजला १० लिटर. फरक लिटरभराचा, म्हणजे साधारण सव्वाशे रुपयांच्या आतला. बायकोसमोर हा आकडा यायला नको, कारण पेट्रोल वाचवायच्या गोळ्या आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक किती रुपयांना आणलं, हे तिच्या लक्षात आहे.

शेजारच्यांनी इलेक्ट्रिक घेतली तर मन खट्टू करून घेऊ नका. खाली जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारा, सीटवर थाप मारा आणि विचारा, "काय हो, किती देते?" ते "एकशेतीस" म्हणतील आणि समोरच्याच्या भुवया वर जायच्या आत "इको मोडला एकशेपन्नास" असं जोडतील. गृहस्थ लवकर शिकलेत. मान डोलवा, आणि चार्जिंग पॉइंट कॉमन मीटरवर आहे की स्वतःच्या, हा मुद्दा येत्या सर्वसाधारण सभेसाठी सेक्रेटरींकडे लेखी देऊन ठेवा.