मॉर्मन पोरांना पगार कोण देतं?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी, आणि सायकलवरून जोडीनं फिरणारी दोन गोरी पोरं. या फोटोखाली एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतोय. थोडक्यात असा: हे मॉर्मन चर्चचे (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) पगारी नोकर आहेत, चर्चच्या पैशानं दोन वर्षं परदेशात मजा मारतात, एक माणूस बाटवला की विमा एजंटासारखं कमिशन घेतात, घरच्यांशी बोलायची त्यांना बंदी असते, आणि झाडून सगळे अमेरिकन असतात.

मला धर्मप्रसाराचं काडीचंही प्रेम नाही. कुणी माझा देव बदलायला दारात आलं तर मी चहा विचारणार नाही (विचारला तरी ते पिणार नाहीत, चहा-कॉफी त्यांना वर्ज्य). पण टीका करायची तर माहिती तरी धड हवी.

आधी पगार. तो नसतोच, उलट पैसे भरावे लागतात. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांतल्या मिशनरीला किंवा त्याच्या घरच्यांना जुलै 2020 पासून दरमहा 500 डॉलर द्यावे लागतात, त्याआधी 400 होते. मुलग्यांची सेवा 24 महिन्यांची, म्हणजे एकूण 12,000 डॉलर, आपल्याकडचे दहा लाखांच्या घरात. मुलींची 18 महिन्यांची. सगळ्यांचे पैसे एका खात्यात जमा होतात आणि त्यातून प्रत्येकाला खाण्यापिण्यापुरता, बस-रेल्वेपुरता भत्ता मिळतो. म्हणून टोकियोत राहणाऱ्याच्या आईबापांना महाग शहराचा भुर्दंड पडत नाही. विमानाचं तिकीट चर्च काढतं आणि गरीब देशांतल्या मुलांना चर्चच्या निधीतून मदत होते, हे खरं. पण याला पगार म्हणायचं तर कॉलेजची फी भरणाऱ्यालाही नोकरदार म्हणावं लागेल.

आता ती ‘मजा’. पहिली गोष्ट, देश निवडता येत नाही. नेमणूक सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून येते आणि ती जपानची असेल तर जपान. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा घोकून अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा तिकडे उतरतो. सर्वसाधारण दिवस साडेसहाला सुरू होतो: अर्धा तास व्यायाम, मग धर्मग्रंथाचं वाचन, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर. मग इंटरकॉमवरून येणारे नकार ऐकायचे, स्टेशनाबाहेर अनोळखी लोकांना थांबवायचं, फुकटचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायचे. कुणी आपुलकीनं ग्रीन टी पुढे केला तर तोही नाकारायचा. सातूचा चहा मात्र चालतो, आणि जपानमध्ये तो सगळीकडे मिळतो हे त्यांचं नशीब. रात्री नऊच्या आसपास घरी, साडेदहाला दिवा बंद. 2017 पासून वेळा थोड्या सैल झाल्या, पण साचा तोच.

डेटिंग नाही, सिनेमा नाही, पोहणंसुद्धा नाही. नेमून दिलेला भाग परवानगीशिवाय सोडायचा नाही, त्यामुळे जपानमध्ये दोन वर्षं काढूनही क्योतो न बघता परत जाणं सहज शक्य आहे. आठवड्यातून एक दिवस मोकळा, बहुतेक ठिकाणी सोमवार. त्यातही कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, आणि संध्याकाळी पुन्हा काम. शिवाय जोडीदार. तो तुम्ही निवडलेला नसतो, पण चोवीस तास त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते तेव्हा सुटका होते किंवा होत नाही. घोरणारा, अबोला धरणारा किंवा अति उत्साही सोबती मिळाला तर काय होत असेल, हे हॉस्टेलवर राहिलेल्यांना सांगायला नको.

कमिशनचा आरोप मात्र जरा थांबून बघावा लागतो. बाप्तिस्म्यामागे, म्हणजे पंथात घेण्याच्या पाण्याच्या विधीमागे, पैसे मिळत नाहीत. युरोपात दोन वर्षांत एकही बाप्तिस्मा न बघता परतलेले मिशनरी आहेत. कमिशनवर पोट असतं तर उपाशी मेले असते. पण आकड्यांचा दबाव ही कल्पित गोष्ट नाही. आठवड्याला किती लोकांना शिकवलं याचे आकडे वर कळवावे लागतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंडमध्ये हा दबाव इतका वाढला की मिशनरी तिथल्या पोरांना बेसबॉलच्या संघात घेऊन त्यांचे बाप्तिस्मे उरकू लागले. आपण खेळाच्या क्लबात जातोय असंच त्यातल्या अनेकांना वाटत होतं. ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ म्हणून तो प्रकार चर्चच्या इतिहासात बदनाम आहे. आज बाप्तिस्म्याआधी शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्यानं मुलाखत घ्यावी लागते आणि अल्पवयीनांसाठी पालकांची संमती लागते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा इतिहास माहीत असता तर त्याला कमिशन रचावं लागलं नसतं.

घरच्यांशी बोलायची बंदी? ही जुनी बातमी आहे, तीही अर्धीच. ईमेल आणि पत्रं होती; फोन मात्र नाताळ आणि मदर्स डे, असा वर्षातून दोनदाच. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. खरी अडचण वेगळी आहे आणि तिचा मजकुरात उल्लेखच नाही. मुलग्यांसाठी ही सेवा धार्मिक कर्तव्य मानली जाते, त्यामुळे अठराव्या वर्षी ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. मध्येच सोडून घरी आलेल्याकडे युटातल्या वस्त्यांमध्ये लोक कसे बघतात, याबद्दल परतलेल्यांनीच पुष्कळ सांगितलं आहे. कुलूप दाराला नसतं, शेजाऱ्यांच्या नजरेत असतं. टीकाकारांनी इथे बोट ठेवावं.

उरलं ‘सगळे अमेरिकन’. 1996 पासून या चर्चचे निम्म्याहून अधिक सभासद अमेरिकेबाहेरचे आहेत. मनिला, साओ पाउलो, आक्रा इथेही प्रशिक्षण केंद्रं आहेत. भारतात बेंगळुरूला 1993 पासून मिशन आहे, दिल्लीला 2007 पासून, आणि काळी पाटी लावून फिरणाऱ्यांत भारतीय मुलंमुलीही असतात. आपल्याकडचंच बघायचं तर 1852 मध्ये मुंबईत उतरून पुढे पुण्याच्या छावणीत गोऱ्या सैनिकांना उपदेश करू पाहणारा मॉर्मन मिशनरी ह्यू फिंडले हा स्कॉटिश होता.