पाय पिवळे की काळे?

डिसेंबरात नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं म्हणजे सहल. चक्रवाक, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या अशी मंडळी आपली ओळख आपणच करून देतात. निफाडची थंडी पेपरात गाजलेली असते, त्यामुळे कानटोपी घालून मिरवताही येतं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जायचं म्हणजे मात्र परीक्षा. बदकं उत्तरेला निघालेली, बघे ओसरलेले, आणि चिखलावर शे-दोनशे तपकिरी जीव खाली मान घालून काहीतरी टोचत बसलेले. सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ. घरचे विचारतात, ‘एवढ्या उन्हात तिथे आता काय ठेवलंय?’ याचं खरं उत्तर ‘वूड सँडपायपर’ हे आहे, म्हणजे त्याच तपकिरींतला एक पक्षी, पण ते घरात चालत नाही.

आधी चिखलाबद्दल, कारण सगळी मदार त्याच्यावर. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे १९०७ ते १९११ या काळात दगडी बंधारा बांधला गेला. हेतू कालव्यांना पाणी देण्याचा. नद्यांनी पाण्याबरोबर गाळही आणला, इमाने इतबारे, शंभर वर्षं. तलाव उथळ झाला, मध्ये बेटं उठली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसान. पक्ष्यांच्या हिशेबात घबाड. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०१९ मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पण पाण्याची पातळी आजही ठरते ती आवर्तनावर. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की बंधाऱ्यात चढतं आणि आदल्या दिवशी उघडा पडलेला चिखल गायब. शेकाट्याचं एक ठीक आहे, त्याला देवाने लांब तंगड्या दिल्यात, तो पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून जेवतो. लिटल स्टिंट या इवल्याशा पक्ष्याला दोन-तीन सेंटिमीटरच्या वर पाणी झालं की संपलं. म्हणून निघण्याआधी चापडगावच्या गाइडला फोन करून एकच प्रश्न विचारायचा: ‘पाणी उतरलंय का?’ ‘पक्षी आहेत का?’ असं विचारू नये. पक्षी असतातच, असंच उत्तर येतं.

नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. साडेसहाला काठावर हजर नसाल तर झोपा काढलेल्या बऱ्या. नऊ-साडेनऊनंतर चिखल तापतो, त्याच्यावरची हवा तापून वर सरकते, गरम-गार थरांतून येणारा उजेड वाकडातिकडा होतो आणि दुर्बिणीत पक्षी नाचायला लागतात. अशा वेळी नवखा माणूस स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एकनळी दुर्बीण, वीसवरून साठपटीवर नेतो. तेवढाच नाच साठपट दिसतो. स्कोप वीस-तीसच्या पुढे न्यायचाच असेल तर तो सकाळच्या पहिल्या तासात. शिवाय सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी काठाच्या पूर्वेला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. उलट उभं राहिलं तर नांदूरचे सगळे पक्षी एकाच जातीचे होतात: काळे.

दुर्बीण ८×४२ पुरे. आठ म्हणजे पट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. तरीही मंडळात एकजण ऑफरमध्ये मिळालेली वीसपटीची आणतोच. मग पक्ष्यासोबत त्याच्या हाताचा कंपही वीसपट होतो आणि तो म्हणतो, ‘वारा फार आहे आज.’ दुसरी पंचाईत डायॉप्टरची, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणाऱ्या कड्याची. दुर्बीण ज्याच्या हातात जाते तो उजव्या नळीवरचं कडं आपल्या समजुतीने फिरवून परत देतो. दुरुस्ती सोपी आहे. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाकायचं, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची एखादी बारीक काडी स्पष्ट करून घ्यायची. मग डावं भिंग झाकायचं, चाकाला हात न लावता फक्त कडं फिरवून तीच काडी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. आकडा लक्षात ठेवायचा आणि दुर्बीण कुणाला द्यायची नाही. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली करावेत, नाहीतर बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं आणि दोष दुर्बिणीला मिळतो.

एवढं झाल्यावर खरा छळ सुरू होतो: दुसऱ्याला पक्षी दाखवणं.

‘तो काय!’
‘कुठे?’
‘अहो, त्या काठीच्या डावीकडे.’
‘कोणती काठी?’
‘ती हलली ती.’
‘मग ती काठी नव्हे, बगळा आहे.’
‘बरं, त्या बगळ्याच्या डावीकडे. गेला.’
‘बगळा?’

यावर उपाय घड्याळाचा. समोरची न हलणारी वस्तू आधी सगळ्यांनी मिळून ठरवायची, बाभूळ म्हणा, बेटाचं टोक म्हणा. तिला घड्याळाचा मध्य मानायचं आणि ‘चार वाजता, दोन हातांवर’ असं सांगायचं. म्हैस मध्य म्हणून कधीही निवडू नये. ती बसलेली असली तरी नाही. ज्याला दाखवताय त्याने नजर पक्ष्यावर ठेवूनच दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधणाऱ्याला फक्त पाणी दिसतं, तेही भरपूर.

आता ते तपकिरी. तीन सँडपायपर कायम हजर असतात. वूड सँडपायपरच्या पाठीवर ठळक ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई, पाय पिवळसर. ग्रीन सँडपायपरची पाठ गडद, ठिपके बारीक, भुवई डोळ्याच्या पुढेच संपते. कॉमन सँडपायपर शेपटी सतत खालीवर हलवतो आणि खांद्याजवळ छातीचा पांढरा रंग पंखाच्या पुढून वर घुसलेला असतो. खूण पक्की तीच. शेपटी काय, आळसावून बाकीचेही हलवतात. उडाले की हिशेब आणखी सोपा. ग्रीनच्या पंखांची खालची बाजू काळपट, बुडखा पांढरा शुभ्र. वूडची खालची बाजू फिकी. कॉमन पाण्याला चिकटून, पंख ताठ धरून थरथरत जातो. वाट बघावी लागते ती भोवत्या या शिकारी पक्ष्याची. तो बेटावरून नुसता तरंगत गेला तरी सगळं तळं उठतं आणि दोन सेकंद सगळ्यांचे पंख उघडे दिसतात. नेमक्या त्या दोन सेकंदांत कुणीतरी ‘भोवत्या! भोवत्या!’ म्हणून खांद्याला धरून हलवतं.

स्टिंटचं प्रकरण याहून चिवट. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट. पुस्तकात हे एका ओळीत आटपतं. काठावर मात्र दोघांचेही पाय ज्या चिखलात बुडालेले असतात त्याच चिखलाचे असतात. एक पक्ष म्हणतो, पिवळे. दुसरा म्हणतो, ऊन पडलंय म्हणून पिवळे. तिसऱ्याला पायच दिसत नाहीत, पण मत असतं. अशा वेळी पाय सोडून छाती बघावी. टेमिंक्सची सगळी छाती सरसकट करडी, खाली पांढऱ्याशी तिची सरळ रेघ. लिटलची छाती मध्ये पांढरी, रंग काय तो दोन्ही बाजूंना. चालणंही वेगळं: लिटल उघड्यावर थव्याने पळापळ करतो, टेमिंक्स गवताच्या कडेने, एकटादुकटा, दबकत. आणि उडताना टेमिंक्सच्या शेपटीच्या कडा पांढऱ्या चमकतात.

मार्च-एप्रिलचा खास त्रास म्हणजे सगळे कपडे बदलत असतात. काळ्या शेपटीच्या गॉडविटची मान विटकरी व्हायला लागते, पण सगळ्यांची एकाच वेळी नाही. लिटल स्टिंटच्या पाठीवर तांबूस छटा येते आणि पांढऱ्या रेघांचा व्ही उमटतो. हा वीस-तीस ग्रॅमचा जीव इथून आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालायला जाणार असतो, आणि आपण नाशिकहून आल्याचं कौतुक सांगत असतो. पिवळे धोबी पक्षी तर मुद्दाम करतात. हिवाळाभर सगळे सारखेच मळकट; आता नरांची डोकी उघडी पडतात, कुणाचं राखी, कुणाचं काळं, कुणाचं निळसर आणि वर पांढरी भुवई. पण अर्ध्यांची डोकी अर्धीच रंगलेली असतात, आणि उपजातीवरून भांडणाऱ्यांना तेच हवं असतं. माझं मत: अर्धवट डोक्यावर निकाल देऊ नये. हे धोब्यांपुरतं.

टिटव्यांचा वेगळा जाच. मार्चपासून त्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, आपण पन्नास पावलांवर आलो तरी त्या डोक्यावरून बोंब मारत फिरतात आणि निम्मा चिखल रिकामा होतो. मुकाट मागे फिरावं. पुढे रेटलं तर अंड्यावर पाय पडायची भीती. बाजूच्या द्राक्षबागांत फटाके वाजतात ते वेगळंच. आपण ज्यांना बघायला आलो त्यांतल्या पळसमैनांना शेतकरी हाकलत असतो, आणि दोघांपैकी त्याच्याकडे कारण चांगलं असतं.

परतल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या अ‍ॅपवर यादी भरायची. थवा एकेक करून मोजू नये. दहा मोजून त्यांनी किती जागा व्यापली ते बघावं आणि तेवढे गठ्ठे थव्यावर ठेवत जावं. जे ओळखलं नाही त्याला ‘ट्रिंगा जात’ (वूड आणि ग्रीन सँडपायपर ज्यात येतात तो गट) किंवा ‘बदक जात’ म्हणून नोंदायची सोय आहे. त्यात कमीपणा नाही, तरी ते खातं कुणी वापरत नाही. आकडा फुगला की अ‍ॅप लाल खूण करून तपशील मागतं. मग तपासनीसाची नम्र मेल येते: टेमिंक्स स्टिंट बारा लिहिलेत, फोटो असल्यास जोडावा. फोटो असतो. बारा पक्षी असतात, तेही सुस्पष्ट, आणि बाराही आपल्याकडे पाठ करून उभे असतात.