गोळी फोडून जिभेखाली? नको!

रक्तदाब १८०/१२०च्या वर गेला की निफेडिपिनची (दाब झपाट्याने उतरवणाऱ्या औषधाची) गोळी फोडून जिभेखाली ठेवा, हा उच्च रक्तदाबावरच्या तुमच्या लेखातला सल्ला कृपया काढून टाका. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाला मेंदूच्या रक्तवाहिन्या सरावलेल्या असतात. तो एकदम कोसळला तर मेंदूला रक्तच कमी पडतं आणि जो पक्षाघात टाळायचा, तोच ओढवतो. म्हणून तर वाढलेल्या दाबाने मेंदूला सूज आलेली असतानाही डॉक्टर पहिल्या तासात दाब साधारण २५ टक्क्यांहून जास्त उतरवत नाहीत. (याला अपवाद आहेत, पण ते घरच्यांनी ठरवायचे नसतात.)

शिवाय लेखात दिलेल्या लक्षणांत नुसती डोकेदुखी आणि चक्कर? माझ्या सासूबाईंचं डोकं जेमतेम दुखत होतं. पण चष्मा डोळ्यांवर असताना त्या उशीखाली चष्मा चाचपत होत्या, "अगं, समोरचं दिसेना" म्हणत होत्या, आणि मुलाला दिराच्या नावाने हाक मारत होत्या. घरी आलेल्या एकाने ते वयावर ढकललंसुद्धा. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला सूज निघाली. नजर तिथेच उमटते ना! शिरेतून औषध देऊन दाब हळूहळू उतरवला, तेव्हा दिसायला लागलं. वाढलेल्या दाबासोबत बोलण्यात गोंधळ किंवा नजरेत अंधार आला, तर घरी पुन्हा पुन्हा मोजत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं, हे लेखात ठळक हवं होतं.