एक अक्षर इकडेतिकडे करा आणि निवांत बसा

नोकरी लागत नाहीये, दुकान टाकायला भांडवल नाही आणि सकाळी पोहे-जलेबी खाऊन झाल्यावर दुपारपर्यंत करायला काही नाही, असं असेल तर माझं ऐका, एखाद्या चालत्या धंद्याच्या वेबसाइटचं नाव चुकीच्या स्पेलिंगमध्ये बुक करून टाका. खर्च वर्षाला हजार-बाराशे. डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, नियम बसमधल्या रुमालासारखा आहे, आधी टाकला त्याची सीट, कोणी विचारत नाही की बाबा तुझं या नावाशी नातं काय.

आणि लाजायचं कशाला? आमच्या इंदूरला राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत एक चक्कर मारून या, एक दुकान 'असली', त्याच्या शेजारचं 'पुराना असली', आणि समोर एक बसलाय जो म्हणतो हमारी कोई ब्रांच नहीं. तिथे एक शब्द वाढवावा लागतो, बोर्ड रंगवावा लागतो, भट्टी पेटवावी लागते. नेटवर नुसतं एक अक्षर, बाकीचं काम लोकांचे जाडे अंगठे करतात.

आता अक्षर कुठलं बदलायचं आणि पकडलं गेल्यावर काय सांगायचं, हे आधीच्या गुणवंतांकडून शिका. 1999 मध्ये मुंबई हायकोर्टात रेडिफ या वेबसाइटची केस झाली, समोरच्याने 'ई' काढून 'ए' घातला होता, रॅडिफ. खुलासा काय दिला तर रॅडिकलची पहिली तीन अक्षरं, इन्फर्मेशनचा आय, फ्यूचरचा एफ आणि फ्रीचा एफ. वा! एवढा विचार तर आमच्याकडे बारशाला कोणी करत नाही. कोर्टाला काही पटलं नाही, मनाई हुकूम आला, पण मेहनत बघा ना. मग सिफीची केस, ही थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, 2004 चा निकाल. सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीच्या सिफीत एफ एक, समोरच्याच्यात दोन, आणि खुलासा असा की आमच्या पाच प्रमोटर्सच्या नावांची पहिली अक्षरं जोडली तर हेच नाव तयार होतं हो, आम्ही काय करणार. तेही हरले. तरी माझा सल्ला आहे की आधी डोमेन घ्या आणि मग त्या अक्षरांचे पार्टनर शोधा.

कायद्याला फार घाबरू नका, डोमेन बळकावण्यासाठी आपल्याकडे वेगळा असा कायदाच नाही. ट्रेडमार्कवाल्यांचं 'पासिंग ऑफ' लागतं, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवणं, आणि सुप्रीम कोर्टाने ते डोमेनलाही लागू होतं असं सिफीच्याच निकालात सांगून ठेवलंय. डॉट कॉमसाठी 1999 पासून यूडीआरपी आहे, म्हणजे कोर्टात न जाता डोमेनची भांडणं मिटवायची पद्धत, तिथे तक्रार करणाऱ्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, नाव फसवण्याइतकं सारखं आहे, तुमचा त्यावर हक्क नाही, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेतलं नि वापरलं. हेतू पोटात असतो, तो कोण बघणार? फक्त मेलमध्ये पैशाचा आकडा टाकू नका. कॅनडात माइक रो नावाच्या शाळकरी पोराने आपल्याच नावापुढे 'सॉफ्ट' लावून साइट काढली, मायक्रोसॉफ्टने 10 डॉलर देऊ केले, पोराने 10 हजार मागितले आणि तिथेच फसला, कारण आकडा बोललात की हेतू सापडला. शेवटी 2004 मध्ये समझोता झाला, त्यात एक एक्सबॉक्स मिळाला म्हणतात. वाईट नाही.

आणि इंग्रजी येत नसेल तरी अडत नाही. 2014 पासून डॉट कॉमसारखंच डॉट भारत आहे, चक्क देवनागरीत. ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या त्याचं आता सोनं होऊ शकतं. एकट्या आपल्या गावाचंच बघा, इंदूर, इंदुर, इंदौर.

आता माझा अनुभव, कारण नुसतं ज्ञान पाजळणारा मी नाही. आमच्या आडनावात इंग्रजी 'ए' एक की दोन यावर घरात दोन पिढ्या एकमत नाही, काकांच्या मार्कशीटवर एक, बाबांच्या पासपोर्टवर दोन, म्हणून माझेही दोन. रामबागेतल्या काकांनी शेवेच्या धंद्यासाठी एक 'ए'वालं डोमेन घेतलं आणि प्रेसवाल्याने दोन हजार लेबलं छापली दोन 'ए'वाली. आता ते दोन 'ए'वालं डोमेन कॉलेजपासून माझ्याकडे आहे. काका घरी आले, लेबल टेबलावर आपटलं, म्हणाले, "काय करून राहिला रे तू हे?" मी म्हटलं काका, मी कुठे काय केलं, जन्मदाखला बघा. पाच प्रमोटर्सपेक्षा माझी बाजू भक्कम आहे की नाही? तरी त्यांच्या तोंडात 'फ्रॉड' शब्द दोनदा येऊन गेला, आई चहा टाकायला गेली ती बाहेरच येईना.

परवा रात्री माझ्या इनबॉक्समध्ये पुण्याहून ऑर्डर पडली, लवंगी शेव दोन किलो, तिखट कमी. मी काकांना फॉरवर्ड केली, आकडा अजिबात टाकला नाही, फक्त खाली लिहिलं की आमच्याकडची शेव संपलीये. सकाळी काकूने अर्धा किलो पाठवली. लेबलवर दोन 'ए'.