अर्धी गोळी द्या म्हणे! कुत्र्याच्या तापावर फिरणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या बऱ्याच सोसायट्यांच्या पेट ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या ग्रुपवर तो एकाच सकाळी दोन-तीन जणांनी टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा:

"डॉक्टरांची फी वाचवा. कुत्र्याचं नाक कोरडं आणि कान गरम लागले की ताप समजा. थर्मामीटर असेल तर १०० च्या वर म्हणजे ताप. डोलो ६५० ची अर्धी गोळी गुळात घालून द्या. बर्फाच्या पाण्याने अंघोळ घाला. लसूण-मनुकांचा काढा पाजा, दिवसभर उपाशी ठेवा. ताप उतरला की कुत्रा बरा. रक्ताच्या तपासण्या म्हणजे निव्वळ लूट."

मी डॉक्टर नाही. घरात कायम कुत्री असतात, त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बरंच बसणं झालंय, एवढंच. पण खाली लिहिलेलं कुठल्याही पशुवैद्याला विचारून पडताळता येईल.

"१०० च्या वर म्हणजे ताप."

हा आकडा माणसाचा आहे. धडधाकट कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. म्हणजे फॉरवर्डप्रमाणे चाललं, तर उपवन तलावाकाठी सकाळी फेऱ्या मारणारं प्रत्येक कुत्रं तापाने फणफणलेलं ठरेल आणि प्रत्येकाला गोळी जाईल. १०३ च्या पुढे ताप म्हणायला सुरुवात होते. १०४ ला त्याच दिवशी दवाखाना. १०६ ला कपडे बदलत बसायचं नाही.

कान गरम लागतो त्याचंही कारण हेच. त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, त्यामुळे हात लावला की ते कोमटच लागणार. नाकाचं तर काही खरं नसतं. झोपून उठलं, एसीत पडलं, उन्हात बसलं, वय झालं, पग असेल तर कधीही, नाक कोरडं पडतं. आणि ओल्या गार नाकाच्या कुत्र्याला १०४ ताप असू शकतो.

मोजायचं तर औषधाच्या दुकानात मिळणारा साधा, लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर पुरतो. पाऱ्याचा नको, कुत्र्याने हिसका दिला की फुटतो. कपाळावर धरायची बंदूक केसांमुळे निरुपयोगी. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो, आणि किती कमी ते दर वेळी वेगळं. म्हणून गुदद्वारातूनच घ्यायचं. एकाने कुत्र्याचं डोकं काखेत धरून त्याच्याशी गप्पा मारायच्या. दुसऱ्याने टोकाला व्हॅसलीन लावायचं, शेपूट हळूच वर उचलायची, थर्मामीटर इंचभर आत सरकवायचा आणि बीप होईपर्यंत हलू द्यायचा नाही. कुत्रं फारच अंग चोरायला लागलं तर सोडून द्यायचं. धावून आल्यावर किंवा घाबरल्यावरही तापमान चढतं, तेव्हा अर्धा तास शांत बसवून पुन्हा घ्यायचं. आकड्याबरोबर वेळही लिहून ठेवायची. आणि त्या थर्मामीटरवर कुत्र्याच्या नावाची पट्टी चिकटवा, नाहीतर पुढच्या आजारपणात तो कोणाच्या तोंडात जाईल सांगता येत नाही.

हे सगळं घरच्या कुत्र्यासाठी. गेटवरच्या कुत्र्यांवर असले प्रयोग करू नका. त्यांना रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला गाठा. दुखणाईत कुत्रं ओळखीच्यालाही चावतं. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जायचं.

"डोलो ६५० ची अर्धी गोळी द्या."

यावर ग्रुपवर लगेच उत्तर आलं: "आमच्या लॅब्रला दिली होती, काही झालं नाही." बरोबर असेल. हिशेब करून बघा. अर्ध्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामोल असतं. लॅब्राडोर ३२ किलोचा असेल तर किलोमागे दहा मिलिग्रॅम झालं. पशुवैद्य कधी देतात तेव्हा साधारण याच्या आसपास देतात. आता तीच अर्धी गोळी तीन किलोच्या पॉमेरेनियनला द्या. किलोमागे १०८ मिलिग्रॅम. या पातळीला कुत्र्याचं यकृत खराब होतं. लॅब्रवाल्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो त्यांच्या कुत्र्याच्या वजनाचा अनुभव आहे. फॉरवर्डमध्ये वजनाचा शब्दही नाही.

पॅरासिटामोल शरीरात मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो. तो निकामी करायची यकृताची ताकद संपली की यकृताच्या पेशी मरायला लागतात. रक्तातलं हिमोग्लोबिनही बिघडतं आणि ऑक्सिजन वाहून नेणं बंद होत जातं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, श्वास जोरात चालतो, तोंड आणि पंजे सुजतात, उलट्या होतात, पुढे कावीळ. मांजराला तर या औषधाचा सुरक्षित डोसच नाही. घरात दोन्ही असतील त्यांनी हे वाक्य फ्रिजवर लावलं तरी चालेल.

पॅरासिटामोल नको तर दुसरं काही? कॉम्बिफ्लाम या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक असतं आणि वर ३२५ पॅरासिटामोल. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी बसते. आपल्या ड्रॉवरमधली डायक्लोफिनॅकची गोळीही त्याच वाटेने जाते. पोरांचं सिरप गोड आणि सौम्य वाटतं, पण काही सिरपमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो आणि त्याने कुत्र्याची साखर झपकन खाली येते.

गोळी देऊन झालीच असेल तर लक्षणांची वाट बघू नका. पाकीट घेऊन सरळ दवाखाना गाठा. पॅरासिटामोलवर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच धड उपयोगी पडतो. आणि उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, त्या मिठाची वेगळी विषबाधा होते.

"बर्फाच्या पाण्याने अंघोळ घाला."

इथे दोन वेगळी दुखणी एकाच बादलीत बुडवली आहेत.

ताप येतो तेव्हा मेंदूने स्वतःच अंगाचं तापमान वर नेलेलं असतं, जंतूंशी लढायला. अशा वेळी बर्फाचं पाणी ओतलं की शरीर थरथर कापून ती गरमी परत मिळवायला धडपडतं. आधीच गळून गेलेल्या कुत्र्याचे हाल होतात, आणि आजार होता तिथेच. तापलेल्या कुत्र्याला गार फरशी, पंखा, शेजारी पाण्याचं भांडं आणि शांतता, एवढं बास.

ऊन लागणं ही दुसरीच गोष्ट. त्यात मेंदूला तापमान वाढवायचं नसतं, शरीराला गरमी बाहेर टाकता येत नसते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळा भार धापेवर. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ओलावा नीट उडत नाही, म्हणून धाप टाकूनही अंग थंड होत नाही. त्यामुळे मे महिन्याइतकंच ऑक्टोबरमध्येही जपावं लागतं, आणि पग-बुलडॉगवाल्यांनी तर बारा महिने. दुपारी फिरवलेलं किंवा बंद गाडीत ठेवलेलं कुत्रं, घरघरती धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या: हे दिसलं तर एक मिनिटही घालवायचं नाही. बर्फ शोधायला शेजारी धावू नका. नळाचं पाणी अंगावर, पोटावर, मांड्यांत ओतत राहा, वर पंखा लावा, आणि मग गाडीत एसी लावून निघा. आधी थंड करणं, मग नेणं. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेल्या गाडीत तापलेलं कुत्रं तसंच तापत राहतं. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो. तापमान १०३.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं.

"लसूण-मनुकांचा काढा."

एका काढ्यात दोन विषं बसवणं सोपं नाही, पण लिहिणाऱ्याने ते जमवलंय. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे, शिजवलेले, पावडर, काहीही. मनुका आणि द्राक्षांनी किडनी निकामी होऊ शकते. सगळ्याच कुत्र्यांना होत नाही, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. संशय टार्टरिक आम्लावर आहे आणि ते आपल्या चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा आमटी-भातही नको. माणसाला ताप आला की आजी मनुका द्यायची, तिथूनच हे उचललेलं दिसतंय.

"दिवसभर उपाशी ठेवा."

खात नसेल तर बळजबरी करू नका, खात असेल तर काढून घेऊ नका. पिल्लाला मुळीच उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर पटकन उतरते. पाणी सगळ्यांनाच हवं.

"ताप उतरला की कुत्रा बरा. तपासण्या म्हणजे लूट."

या मुद्द्यावर जास्त जागा खर्च करतेय, कारण आपल्या भागात कुत्र्यांना येणाऱ्या तापाचं एक मोठं कारण गोचीड आहे आणि गोचिडताप नेमका असाच फसवतो. एर्लिकिया या जंतूचा ताप काही दिवस येतो, औषध न देताही ओसरतो, कुत्रं पुन्हा खायला लागतं. जंतू मात्र आतच राहतो, कधी महिने, कधी वर्षं. मग एका सकाळी नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके दिसतात, कारण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तळाला गेलेल्या असतात. आता अशा कुत्र्याच्या पोटात कॉम्बिफ्लाम गेली तर काय होईल? बॅबेसिया हा गोचिडीतूनच येणारा दुसरा जंतू. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी काळ्या कॉफीसारखी होते. त्यावर लसणाचा काढा म्हणजे उरलेल्या पेशीही फोडायची सोय.

"आम्ही येऊरच्या जंगलात नेतच नाही, मग गोचीड कुठून?" हा ठरलेला प्रश्न. कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड जंगलावर अवलंबून नसते. ती इमारतीतच सुखाने नांदते. मादी रक्त पिऊन करडी, टम्म फुगली की गळून पडते आणि भिंतीच्या फटीत, पार्किंगच्या कोपऱ्यात, वॉचमनच्या केबिनमागे हजारो अंडी घालते. अठराव्या मजल्यावरच्या कुत्र्यालाही लिफ्टपर्यंत यावं लागतंच. ताप वाटला की आधी बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघा. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल नको, काडी नको, नखांनी चिरडायचीही नाही. एकही नाही सापडली तरी गोचिडताप नाही असं होत नाही. चावून गळून गेलेली असते.

म्हणून रक्त तपासायचं. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन कळतं, काचेवरच्या रक्ताच्या थेंबात कधी जंतूच दिसतो, नाहीतर झटपट तपासणीचं किट किंवा जंतूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी. हे कशाला, तर एर्लिकिया आणि बॅबेसियाची औषधं वेगळी आहेत. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी कुत्रं बागडायला लागलं म्हणून ते बंद करणारे लोक मला ग्रुपवर नेहमी भेटतात. सगळ्याच तपासण्या सगळ्यांना लागतात असं नाही. पटत नसेल तर "ही कशासाठी?" असं डॉक्टरांना सरळ विचारा, चांगला डॉक्टर सांगतो.

पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची भर. त्याचा जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात जातो, तिथून कुत्र्यात, आणि कुत्र्याच्या लघवीतून आपल्यात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांत लेप्टोची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात ताप, उलट्या आणि पिवळे डोळे दिसले तर त्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. दरवर्षीची लस चुकवू नका.

नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील, पाणी फार पीत असेल, मरगळली असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. तिथे ताप नसूही शकतो. उलट, अगदी गळून गेलेल्या कुत्र्याचा आकडा १०४ वरून ९९ च्या खाली आला तर "उतरला" म्हणून पेढे वाटू नका, ते शरीर हरत चालल्याचं लक्षण असतं.

मग कधी थांबून बघता येतं? लस टोचल्यावर एक-दोन दिवस अंग जरा गरम, कुत्रं सुस्त पण पाणी पितंय, हिरड्या गुलाबी: बघा. बोटाने हिरडी दाबून सोडा, पांढरा ठसा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लशीनंतर तोंड सुजलं तर मात्र थांबू नका. पिल्लू, रक्ताची जुलाब-उलटी, फिक्या हिरड्या, गडद लघवी, पाणीही न पिणं, यातलं काहीही असेल तर रात्र काढायची नाही. जवळचा दवाखाना रात्री उघडा असतो का, हे आजच, कुत्रं ठणठणीत असताना विचारून ठेवा.

फोनवर डॉक्टरांना "अंग गरम लागतंय" एवढंच सांगू नका. वजन, किती वाजता किती तापमान, हिरड्यांचा आणि लघवीचा रंग, शेवटचं कधी खाल्लं, लशी कधी झाल्या, हे सांगा. आणि घरात कोणी ती अर्धी गोळी दिली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. डॉक्टर ओरडतील, ओरडू द्या, पुढचं औषध त्यावरच ठरणार असतं.