येणारा-जाणारा चेक इंजिन दिवा: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

‘चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी जातो? घाबरू नका’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज पुन्हा फिरू लागलाय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. दिवा आपोआप विझला की बिघाड मिटला. दिवा लुकलुकत असेल तर नुसती वायर लूज आहे, स्थिर दिव्याइतकी काळजी नको. बहुतेक वेळा इंधनटाकीचं झाकण सैल असतं, ते आवळलं की झालं. नाहीच गेला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटं काढून ठेवा. आणि तरीही आलाच, तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून दोष वाचायचं यंत्र) ज्या पार्टचं नाव दाखवेल तो पार्ट बदला.

मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतो. या सल्ल्याने चाललेल्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा बिघाड शोधायला लागणारी माहिती आधीच पुसलेली असते. म्हणून हे लिहितोय.

आधी लुकलुकणारा दिवा घेतो, कारण इथे चुकलं तर नुकसान काही मिनिटांत होतं. चार दिवस दिसला, मग आठवडाभर नाही, हे झालं येणं-जाणं. इंजिन चालू असताना सेकंदासेकंदाला उघडझाप होणं हा निराळा इशारा आहे. इंजिन इतकं मिसिंग मारतंय (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, खराब होईल, असं गाडीचा कॉम्प्युटर सांगत असतो. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जातं, कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी वितळते. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, गाडीवर ताण देऊ नका. उघडझाप थांबली तर हळू चालवत जवळच्या गॅरेजला न्या. थांबतच नसेल आणि इंजिन थरथरत असेल, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. स्थिर दिव्यापेक्षा हा दिवा जास्त गंभीर आहे. मेसेजने नेमकं उलटं सांगितलंय, आणि तेवढ्यासाठीच तो पुढे पाठवू नये असं मला कळकळीने वाटतं.

आता ‘आपोआप विझला की बिघाड मिटला’. दिवा कसा लागतो-विझतो याचे नियम ठरलेले आहेत. गाडीचा कॉम्प्युटर चालता चालता स्वतःच चाचण्या घेत असतो. बहुतेक दोषांच्या बाबतीत पहिल्यांदा चाचणी नापास झाली तर दिवा लागतच नाही, कोड (दोषाचा ठरलेला क्रमांक) फक्त ‘पेंडिंग’ म्हणून नोंदला जातो. पुढच्या फेरीतही (गाडी सुरू करून, चालवून, बंद करेपर्यंतची एक फेरी) तोच दोष दिसला तर कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. त्यानंतर सलग तीन फेऱ्यांत ती चाचणी पास झाली की दिवा विझतो. म्हणजे विझलेला दिवा एवढंच सांगतो, की मागच्या तीन वेळा दोष दिसला नाही. दोष फक्त थंड इंजिनवर, चढावर किंवा ओल धरल्यावर दिसणारा असेल, तर तीन फेऱ्या सहज निभावतात. कोड मात्र मेमरीत राहतो. दोष पुन्हा दिसला नाही, तरी इंजिन साधारण ४० वेळा थंड होऊन पुन्हा गरम झाल्यावरच तो आपोआप पुसला जातो. दिवा गेल्यावर ‘आता काय दाखवणार’ म्हणून घरी बसू नका. स्कॅनर तेव्हाही लावता येतो आणि कोड बहुधा सापडतो.

बॅटरीची वायर काढण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. कोड पक्का होताना गाडी त्या क्षणाची एक नोंद ठेवते, तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. इंजिनचे आरपीएम, गाडीचा वेग, लोड (इंजिनवरचा ताण), कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, इंधनाची दुरुस्ती (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतोय) किती चालली होती, सगळं तिच्यात असतं. अधूनमधून येणाऱ्या दोषात यापेक्षा चांगला साक्षीदार नाही. वायर काढली की अनेक गाड्यांत ही नोंद जाते, इंजिनने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या जातात, गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. दोष जागच्या जागी राहतो.

एक गाडी आठवते. दर आठ-दहा दिवसांनी दिवा लागायचा. कोड पी-०११८, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटचा. सेन्सर दोनदा बदलून झाला होता, बॅटरीही अनेकदा काढून झाली होती. मी मालकांना म्हटलं, आता दिवा लागला की कशालाही हात न लावता गाडी घेऊन या. ते तशी घेऊन आले. फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट उणे ४० डिग्री, आत येणाऱ्या हवेचं तापमान ३४ डिग्री, वेग ताशी ६ किलोमीटर, लोड भरपूर. चालू इंजिनचं कूलंट उणे ४० असूच शकत नाही. या सेन्सरची वायर तुटली की कॉम्प्युटर तो आकडा वाचतो. आणि ताशी ६ किलोमीटरला जास्त लोड म्हणजे गाडी जागेवरून उचलताना. त्या वेळी इंजिन माउंटिंगवर (ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर) झुकतं, आणि त्याच्याबरोबर वायरिंगही ओढलं जातं.

इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर आकडा बघत मी हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर-वीतभर हलवत गेलो. बॅटरी ट्रेच्या मागे एका ब्रॅकेटपाशी ८८ चा आकडा उणे ४० वर उडाला आणि परत आला. वायरचं आवरण बाहेरून धडधाकट होतं. चिमटीत धरून हलकेच ओढलं तर रबरासारखं ताणलं गेलं. तांबं शाबूत असेल तर वायर अशी ताणली जात नाही. आवरण सोललं तेव्हा आत तांब्याच्या तारा तुटून हिरव्या पडल्या होत्या. तेवढा तुकडा बदलला. आधीचे दोन्ही सेन्सर चांगले होते.

‘स्कॅनर सांगेल तो पार्ट बदला’ याचं उत्तर यातच आहे. कोड कुठल्या सर्किटमध्ये किंवा कुठल्या चाचणीत गडबड आहे ते सांगतो. पार्ट मेला असं तो म्हणत नाही. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. हे ऑक्सिजन सेन्सरने कळवलं म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलतात! त्याऐवजी इंधनाची दुरुस्ती आधी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आणि मग २५०० आरपीएमला बघा. आयडलला खूप जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर नॉर्मल असेल, तर कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. उलट लोड वाढेल तशी वाढत असेल, तर पंप आणि फिल्टर बघावा. पी-०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग असेल आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट) असेल, तर ती कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. कोड पी-०३०३ झाला, म्हणजे मिसिंग तिसऱ्यावर गेलं, तर कॉइल दोषी. तसाच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा. यात नवा पार्ट एकही लागत नाही.

वायर तपासताना मीटरवरच्या नुसत्या ओहमवर, म्हणजे रोधाच्या आकड्यावर, विसंबू नका. दहातली एकच तार उरलेली वायरसुद्धा मीटरवर जवळपास शून्य ओहम दाखवते, पुरेसा करंट मात्र वाहून नेऊ शकत नाही. सर्किट चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरच्या दोन टोकांत किती व्होल्ट घटतात ते, मोजा. सेन्सरच्या अर्थिंगवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग साफ करा. बॅटरीही बघून घ्या. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं तर एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम येतात.

राहिलं टाकीचं झाकण. हे अर्धं खरं आहे. कोड पी-०४५५ किंवा पी-०४५७ (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची गळती) असेल, तर झाकण आधी बघावं. पण आवळल्याबरोबर दिवा जात नाही, कारण वाफेच्या गळतीची चाचणी टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी असताना होत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत ती इंजिन थंड असताना सुरू केल्यावरच होते. काही दिवस थांबावं लागतं. झाकणाच्या रबराला चीर असेल तर कितीही आवळून उपयोग नाही. कोड दुसराच असेल तर झाकणाचा काही संबंधच नाही, आणि डिझेल गाडीत ही चाचणी मुळात नसते.

दिवा लागला की गाडी थांबवल्यावर कागदावर लिहा: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, चढ होता का, एसी चालू होता का, पाऊस पडला होता का, नुकतंच इंधन भरलं होतं का. गॅरेजला गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला, की कोड क्लियर करण्याआधी पेंडिंग कोड आणि फ्रीझ फ्रेम दाखवा. त्या स्क्रीनचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढून ठेवा. पुढच्या वेळी दिवा लागेल तेव्हा दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघता येतील.